मिठाच्या रस्त्यावरची सायकल

गोकुळदासांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, जुन्या चेनचा हातभर तुकडा त्याच्यासमोर धरला आणि अंगठ्याच्या नखाने एक पिन दाखवली.

"ही बघ. ही अवजारान ढकलायची, पण पुरी भायर काढायची ना. पलीकडच्या पातीत थोडी अडकून रवाक व्हयी. पुरी काढलंस तर परत घालताना रडशीत."

"म्हायत आसा, बाबा," फोनमधून सुदेश म्हणाला.

"म्हायत आसा? मग माझ्या दुकानात चेन मांडयेर घेवन कोण रडत बसलेलो?"

"तेव्हा मी चौथीत होतंय!"

"चेनीक काय म्हायत तू कितवीत ता?"

सुदेश हसला. हसताना त्याच्या तोंडातून वाफ निघाली आणि काच क्षणभर पांढरी झाली. त्याने बाहीने ती पुसली. त्याच्यामागे विटांची एक भिंत होती, भिंतीला टेकून कचऱ्याचे दोन उंच डबे होते, आणि मधल्या ओल्या फरशीवर एक सायकल चाकं वर करून उलटी ठेवलेली होती. तिथे सकाळ होती. इथे पेडण्यात दुपार कलली होती, अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यावर एक गादी उन्हाला टाकलेली होती आणि उंबऱ्यात बसून विनोदिनी तांबडी भाजी निवडत होती. भाजीकडे तिचं लक्ष नव्हतं.

"टोपी घातल्यास ती कोणाची?" तिने तिथूनच विचारलं.

"माझीच गे, आई."

"कान खय झाकतत तिचे? थंडी कानातून रिगता."

"आई, आधी सायकल करूंया. कान मागीर."

सुदेशला तिकडे जाऊन तिसरा हिवाळा लागत होता. गोकुळदास पोर्तुगिजांच्या राज्यात जन्मले होते, तेवढ्यावर त्यांच्या मुलाला पोर्तुगिजांचा पासपोर्ट मिळाला आणि त्यावर तो उत्तरेतल्या एका थंड देशात कामाला गेला. स्वतः गोकुळदास लिस्बन सोडाच, बेळगावच्या पुढेसुद्धा कधी गेले नव्हते. पेडण्याच्या बाजारात त्यांचं सायकलीचं दुकान होतं आणि पंचक्रोशी त्यांना गोकुळ मेस्त म्हणून ओळखत होती. शाळा सुटली की पोरं दुकानात यायची. पंक्चर काढून द्या म्हणायची. मेस्त त्यांना काढून देत नसत; पाण्याची बालदी पुढे सरकवत आणि म्हणत, बुडबुडे खय येतत ते तूच सोध. एखाद्या पोराला संध्याकाळ लागली तरी मेस्त घाई करत नसत. आता दुकानाला कुलूप होतं. पोरांकडे स्कूटर आल्या होत्या.

तिकडे सुदेश एका मोठ्या गोदामात काम करत होता. हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर बर्फाचा थर धरतो, म्हणून रात्री गाड्या फिरवून मीठ टाकतात, हे त्याने पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा विनोदिनीचा विश्वास बसला नव्हता.

"जेवणात घालूचा सोडून मीठ रस्त्यार?"

गोकुळदासांचा मात्र लगेच बसला होता. मीठ सायकलीचं काय करतं ते त्यांना पाहून ठाऊक होतं. आगरवाड्याच्या मिठागरांतली माणसं त्यांच्याकडेच सायकली आणायची. चेन गुळाच्या ढेपेसारखी तांबडी आणि आखडलेली. त्यांतल्या एकाने हौसेने गियरची सायकल घेतली होती. एका हंगामात तिचे गियर दातखीळ बसल्यागत बंद झाले. बाकीच्यांच्या साध्या, पुढे एक आणि मागे एक चक्री असलेल्या सायकली मात्र रॉकेल लावून, तेल घालून वर्षानुवर्षं चालत राहिल्या. म्हणून सुदेशने गेल्या आठवड्यात विचारलं, की जुनी गियरची सायकल मिळाली आहे पण हिवाळ्यात ती टिकेल का, तेव्हा गोकुळदासांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "गियर काढून टाक. एकच चक्री ठेव. मिठाक खावक जितक्या कमी वस्तू, तितकी सायकल जास्ती चलात."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं की उंबऱ्यातून विनोदिनी आपल्याकडे पाहते आहे.

कारण त्याच फोनवर सुदेशने दुसरंही एक सांगितलं होतं. हिवाळ्यात त्याच्याजोगं काम फक्त पहाटेच्या पाळीत होतं. त्या वेळी बस नसते. ज्याला आपलं आपण पोचता येईल त्यालाच ती पाळी, आणि सुरुवात सोमवारपासून. "ना जमला तर येतंय घरा," तो म्हणाला होता. "थंडीत हय भिंतीक तोंड करून बसून काय करू? येतंय. जत्रेक खांदो देतंय."

एवढं वाक्य विनोदिनीने धरून ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने माळ्यावरून गादी काढली, झोडपली, आणि रोज उन्हाला टाकायला लागली.

जत्रेतला खांदा ही या घरची जुनी गोष्ट होती. पौषात देवाची पालखी निघते तेव्हा पुढच्या दांड्याची उजवी बाजू या घराची. पण खांदा घरच्याच माणसाचा हवा. गोकुळदासांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, हात डोक्याच्या वर जात नव्हता. गेली दोन वर्षं चुलतघरचा प्रज्योत बदली म्हणून उभा राहिला. आज सकाळीच तो येऊन गेला होता. चांगला मुलगा, बसायला दिलेल्या कदेलीवर बसलासुद्धा नाही.

"काका, देवळाच्या म्हाजनांनी विचारलां हा. औंदा सुदेश येतलो काय? ना तर ते म्हणतत, खांदो आमच्या चुलतघराकच देवया कायमचो. माका तसा नको, पण विचारूक व्हया म्हणून इलंय."

"सांगतंय तुका सांजेक," गोकुळदास म्हणाले होते.

प्रज्योत गेल्यावर विनोदिनीने गादी उलटी केली होती, खालच्या बाजूला ऊन लागावं म्हणून.

"बाबा, आता बघा," सुदेशने फोन उचलून सायकलीभोवती फिरवला. "गियरच्या वायरी काढल्या. हँडलावरचे खटके काढले. मागचो तो लोंबतो हात पण काढलो." त्याने तो पुढे धरला. काळा, तेलकट, दोन बारक्या चाकांचा तो हात गियरच्या सायकलीच्या मागच्या चाकाखाली लोंबतो आणि चेनचा सैलपणा ओढून धरतो. सुदेशने तो कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवला. "आता चेन मागच्या मधल्या चक्रीवर घेतलंय. जास्तीची चेन तोडून टाकतंय, मागसून चाक ओढून ताणतंय, की झाला."

"पुढली चक्री खंची घेतलंस?"

"मधली."

"चेन सरळ रेषेत येता मगे? मागे उभो रव आनी एक डोळो बंद करून बघ."

सुदेश मागे गेला, एक डोळा मिटला आणि मान वाकडी केली. विनोदिनीला हसू आलं. हे असं तो लहानपणी करायचा. मिटलेल्या डोळ्याबरोबर तोंडही एका बाजूला ओढायचा. अजून तसंच ओढत होता.

"सरळ आसा."

"बरा. आता माप घे."

त्याने चेन दोन्ही चक्र्यांवरून ओढून घेतली, जिथे टोकं एकमेकांवर येत होती तिथे खडूने खूण केली. मग, जसं दुकानात शिकला होता तसं, खुणेच्या पुढची एक कडी जास्तीची धरली. पेडण्यातली सगळी पोरं असंच करत. चेन जराशी सैल तोडायची, मग मागच्या चाकाचे नट सैल करून चाक खाचेतून मागे ओढायचं, म्हणजे चेन आपोआप ताणली जाते. आपल्याकडच्या सायकलींची खाच आडवीच असते. चाक हवं तेवढं मागेपुढे सरकतं.

"शेजारच्या म्हातारेन पानो दिल्यान बाबा, नवऱ्याचो. जुनो पण कसलो घट्ट बसता बघा," असं म्हणत सुदेशने पाना दाखवायला फोन चाकाच्या मध्याशी नेला.

गोकुळदास पुढे वाकले.

पाना चांगला होता. पण ते पान्याकडे पाहत नव्हते. पान्याच्या मागे चाकाचा आस जिथे बसला होता, ती खाच उभी होती. सांगाड्यात वरून खाली पाडलेली. त्या खाचेत चाक एका जागी बसतं. ते मागे येत नाही आणि पुढेही जात नाही. ओढायला जागाच नाही.

म्हणजे चेन सैल राहणार. एक कडी आणखी काढली तर टोकं एकमेकांना भेटणार नाहीत. आणि या मापाने एकदा तोडली, की लोंबता हात पुन्हा लावायचा म्हटला तरी चेन पुरणार नाही. तिकडे आज रविवार. उद्या पहाटे पाळी.

फोन परत भिंतीला टेकला. सुदेश खाली बसला, त्याने चेन तोडायचं अवजार कडीवर बसवलं आणि मूठ पिळायला सुरुवात केली.

गोकुळदासांनी मागे वळून पाहिलं. का पाहिलं ते त्यांना कळलं नाही. विनोदिनी उंबऱ्यातून उठून त्यांच्या कदेलीमागे येऊन उभी राहिली होती. आयुष्यभर सायकलवाल्याच्या घरात राहिलेल्या बाईला नवऱ्याच्या मानेकडे पाहून कळतं की काहीतरी चुकतं आहे.

"काय झाला?" तिने अगदी हळू विचारलं.

"तेचा चुकता."

"मोठा?"

"सायकल चलूची ना."

 तिने हात पुढे केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला, ऑपरेशनच्या खांद्यावर, हलका. मग तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"गप रवा."

फोनमध्ये मूठ फिरत होती. पिळताना अवजार किरकिरत होतं. सुदेशची बोटं थंडीने लाल झाली होती, मध्येच तो हात काखेत घालून गरम करत होता आणि पुन्हा मूठ धरत होता.

गप राहणं कठीण नव्हतं. काही करायचंच नव्हतं. तो तोडणार, चाक ओढायला जाणार, ते येणार नाही, थोडे शिव्याशाप देणार, फोन करणार. उद्या पाळी चुकेल. मग विमान, मग मोपा विमानतळावरून टॅक्सी, अंगणात बॅग, गादी. पौषात पालखी. प्रज्योतला सांजेला सांगायचं की येतो आहे. हे सगळं त्या एका पिनेच्या पलीकडे होतं, आणि पिन चालली होती.

किंवा तो फोन करणार नाही. सैल चेन तशीच लावेल, म्हणेल चलात आजच्या दिवस, आणि पहाटे काळोखात निघेल. पुढच्या चढावर जोर देऊन पाय मारेल आणि चेन उतरेल. पाय रिकामा खाली जाईल. मागून ट्रक. खाली मिठाने ओला झालेला बर्फ.

गोकुळदासांनी तोंड उघडलं आणि मिटलं. खांद्यावरचा हात किंचित दाबला गेला.

तेवढ्यात सुदेश थांबला. त्याने अवजार कडीसकट उचललं, फोनसमोर धरलं, आणि मान वाकडी करून काचेत पाहिलं.

"बाबा, बरोबर काय?"

एवढंच. दुकानात प्रत्येक पोर हेच विचारायचं. ट्यूब बालदीत धरून, स्पोक आवळून, ब्रेकचं रबर बसवून, तेलकट हात पुढे करून. त्यांतल्या एकालाही गोकुळ मेस्तनी चुकीच्या कामाला बरोबर म्हटलं नव्हतं. सुदेश उत्तराची वाट पाहत होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, दात वाजत होते.

"बरोबर ना," गोकुळदास म्हणाले.

खांद्यावरचा हात निघून गेला.

"बरोबर ना रे. थांब. पिन परत आत घे, हळू. चाकाची खाच बघ. खयच्या बाजून आसा?"

सुदेश वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "उभी," तो म्हणाला. मग आणखी हळू, "आयला... चाक मागे येवचाच ना."

"येवचा ना. आपल्यासारकी ना ती सायकल. घाबरू नको, चेन अजून तुटूक ना. तो लोंबतो हात खय ठेवलंस?"

"डब्यार."

"परत घेवन ये तेका. तो फेकूचो ना. गियरासाठी ना, चेन ओढून धरूक तो तुका व्हयो. वायर नसली तरी चलता. तेका परत बशय, चेन तेच्या दोनय चाकांतसून घे, आणि माप नव्यान घे. कडी थोडी जास्ती ठेव, तो ओढता. तेच्यार एक बारको स्क्रू आसा, दिसता? तो आत आत पिळ. हात सरकत मधल्या चक्रीच्या बरोबर खाली इलो की सोड. मागीर तो थयसून हालूचो ना."

"म्हणजे गियर ना, पण हात आसा."

"हय."

सुदेश कामाला लागला. गोकुळदास एकेक पायरी सांगत राहिले, आणि प्रत्येक पायरीनंतर थांबत राहिले, त्याचं होईपर्यंत. तो घाईत चेन वरच्या बारक्या चाकाऐवजी आधी खालच्यातून घालायला निघाला तेव्हा त्यांनी चूक सांगितली नाही, नुसतं "परत बघ" म्हटलं, आणि त्याने पाहून दुरुस्त केलं. मागे अंगणात काहीतरी फरफटत गेल्याचा आवाज आला. वळून न पाहताही त्यांना कळलं. विनोदिनी गडग्यावरची गादी ओढून आत नेत होती. ऊन अजून होतं.

शेवटची पिन बसली. सुदेशने उलट्या सायकलीचं पायडल हाताने फिरवलं. मागचं चाक फिरलं, फिरत राहिलं, एकसारखं, काही खरखर नाही. दोघेही चाक थांबेपर्यंत पाहत राहिले.

"आयकलास आवाज, बाबा?"

"आयकलंय. चेनीक तेल रोज लाव. मीठ लागला की घरा येवन फडक्यान पूस, मागीर तेल. कंटाळो करू नको."

"ना करूचंय." त्याने सायकल सरळ केली, सीट पुसली. मग फोनजवळ आला, आणि बापाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत असल्यासारखा थोडा वेळ पाहत राहिला. "बाबा, मगे... हिवाळो हयच काढतंय आता. मार्चाक बघतंय, सुट्टी गावता काय."

"बघ."

"आई खय?"

"आसा आत. चाय करता."

"तिका सांगा, जत्रेक..."

"सांगतंय मी. तू चलवन बघ आधी. चलवल्याबगर काम झाला म्हणूचा न्हय."

सुदेशने फोन विटांना टेकवला, सायकल फाटकातून बाहेर काढली, पाय टाकला आणि निघून गेला. फोनच्या काचेत राहिली ती भिंत, कचऱ्याचे डबे आणि ओली फरशी.

विनोदिनी चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. तिचे डोळे चुलीकडच्या धुराने होतात तसे झाले होते. घरात गॅस होता. तिने एक कप त्यांच्यापुढे ठेवला आणि बाजूला बसून रिकाम्या काचेकडे पाहू लागली.

"खय गेलो?"

"चलवून बघता."

वाट पाहिली. चहावर साय धरली. फोनमध्ये एक करडा पक्षी फरशीवर उतरला, काही टोचलं, उडून गेला. एकदा लांबून गाडीचा आवाज आला आणि विनोदिनीचा हात कपावर थबकला. मग पुन्हा काही नाही. सांज होईल तेव्हा प्रज्योत येईल, हे दोघांच्याही मनात होतं.

काचेत पाय दिसले. लोकरीचे मोजे आणि सपाता. मग फोन हलला, भिंत, आकाश, आणि एक म्हातारा, सुरकुतलेला गोरा चेहरा अगदी जवळ आला. पाना देणारी शेजारीण असावी. आत दोन माणसं आपल्याकडे पाहताहेत हे दिसताच ती दचकली, मग हसली, हात हलवला. विनोदिनीनेही डोक्यावर पदर घेत हात हलवला.

"सन," गोकुळदास म्हणाले. त्यांना एवढंच इंग्रजी सुचलं. "सायकल. माय सन."

म्हातारीने मान हलवली, फाटकाबाहेर वळून पाहिलं, दूर रस्त्याच्या टोकाकडे बोट केलं, काहीतरी लांबलचक पण मायेने बोलली, आणि फोन होता तसा विटांना टेकवून सपाता ओढत निघून गेली.

"काय म्हणली ती?" विनोदिनीने विचारलं.

गोकुळदास रिकाम्या फरशीकडे पाहत होते.

"तो गेलो, म्हणता."

तिने मान हलवली. थोड्या वेळाने, कपातली साय बोटाने बाजूला करत, तिने विचारलं, "लांब गेलो काय?"

"चेन बरी बसल्या," गोकुळदास म्हणाले. "लांब जातलो."